रंगीतचा आग्रह नसावा

काटोल
१० जानेवारी १९८२

आदरणीय देवरावजी,
सप्रेम जयभीम.

साक्षगंध आटोपून आम्ही सगळे संध्याकाळच्या पॅसेंजरने सुखरूप पोचलो. भीमाबाईंच्या हातच्या पाटवडीचं गुणगान आमच्याकडे अजून सुरू आहे. आमची बायजाबाई सहसा दुसऱ्याच्या स्वयंपाकाला बरं म्हणत नाही, म्हणून मुद्दाम कळवतो. बैठकीत ठरलं तेच पुन्हा लिहितो. रविंद्रचं आणि लतिकेचं लग्न रविवार, ९ मे. वंदना, दोन हार आणि साधं जेवण. देणंघेणं काही नाही.

आता मनातलं लिहितो. तुम्ही त्या दिवशी बोलता बोलता म्हणालात की नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तुमच्या हाताखालून रोज नव्या नव्या यंत्रांचे खोके जातात. तेव्हापासून मी खुशीत आहे. मी रिटायर हेडमास्तर. वाचनालयात रोज दोन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतो, आणि घरी येऊन सांगायला लागलो की रविंद्रला नेमकं कामावर जायचं असतं. तुमच्यासारखा जाणकार मिळाला, आता टपालाची तिकिटं सार्थकी लागतील.

परवा आमच्या बाजारात एक मिक्सरवाला आला होता. त्याने सगळ्यांसमोर लाल मिरच्या भांड्यात टाकल्या आणि बटण दाबलं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आमचे महादेवराव सगळ्यात पुढे उभे होते, ते अजून डोळे धुऊन राहिले आहेत. मी तिथेच सांगितलं, हे यंत्र घरात नको. जवसाची चटणी पाट्यावरच वाटावी. यंत्रातली चटणी म्हणजे नुसता चिखल, आणि आवाज असा की पोळी मागितली तरी कोणाला ऐकू जाणार नाही. पण कंपनीवाले ऐकतात थोडेच. पाच वर्षांत घरोघरी मिक्सर असेल, माझं वाक्य लिहून ठेवा. तुमचं मत कळवा.

आपला,
लहानूजी गजभिये


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी १९८२

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं, आनंद झाला. महादेवरावांच्या डोळ्यांना आता आराम असेल.

मिक्सरविषयी आपण लिहिलंत ते ध्यानात घेतलं. आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. जरीपटक्याच्या बाजारात माझ्या ओळखीचं दुकान आहे. झाकण पक्कं बसेल असाच पाहू. काळजी नसावी.

आपला नम्र,
देवराव मेश्राम


काटोल
३ फेब्रुवारी १९८२

आदरणीय देवरावजी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही माझ्याशी सहमत झालात, फार बरं वाटलं. माझ्या कुठल्याही मताला तीस वर्षांत इतक्या लवकर कोणी होकार दिलेला नाही. झाकणाचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात. या यंत्राची सगळी गोम झाकणातच आहे.

आज फ्रिजविषयी. इथल्या डॉक्टरांकडे नवा फ्रिज आला आणि त्यांनी मला खास दाखवायला बोलावलं. माणसाएवढं उंच पांढरं कपाट. दार उघडलं तर आत दिवा लागला. पाण्याच्या सहा बाटल्या होत्या आणि एक अर्धं लिंबू. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, अर्धं लिंबू सांभाळायला एवढं मोठं कपाट? त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. शिळं खायची फॅशन आहे ही, दुसरं काही नाही. आमच्या मातीच्या माठाला वीज लागत नाही आणि तो घूं घूं करत नाही. अर्थात नागपूरचा मे महिना आठवला की माणूस थोडा नरम पडतो, हे खरं.

आणखी एक. बिनकाट्यांचं घड्याळ निघालं आहे. नुसते आकडे. मी जन्मभर पुठ्ठ्याचं घड्याळ करून पोरांना लहान काटा आणि मोठा काटा शिकवला. त्या आकड्यांच्या घड्याळात पावणेपाच वाजतच नाहीत. चार पंचेचाळीस वाजतात. पावणे, सव्वा, साडे हे सगळं गेलं की मराठी माणसाने वेळ सांगायची कशी? यावर जरा विस्ताराने लिहा.

आपला,
लहानूजी


इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी १९८२

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. सर्व मुद्दे समजले.

फ्रिज माणसाएवढा उंच असायलाच पाहिजे का? कमरेएवढेही मिळतात, आणि अर्धं लिंबू त्यातही राहतं. याचा विचार व्हावा.

घड्याळाचं म्हणाल तर रविंद्ररावांना काट्यांचं आवडेल की बिनकाट्यांचं, एवढं कळवावं.

आपला नम्र,
देवराव


काटोल
२२ फेब्रुवारी १९८२

आदरणीय देवरावजी,
सप्रेम जयभीम.

तुमची पत्रं छोटी असतात, पण मुद्द्याला धरून असतात. कमरेएवढ्या फ्रिजचा विचार मला सुचलाच नव्हता. वाचनालयात मी तो माझा म्हणून सांगितला, राग मानू नका.

रविंद्रला काय विचारायचं. तो बिनकाट्यांचंच म्हणेल, पाटबंधारे खात्यातली सगळी तरुण मंडळी त्याच्यासाठी वेडी झाली आहेत. मी मात्र मरेपर्यंत काट्यांचंच बांधणार.

पण हे सगळं बाजूला ठेवा. बातमी वाचली का? नोव्हेंबरात दिल्लीला एशियाडचे खेळ आहेत आणि त्यासाठी सरकार रंगीत टीव्ही आणणार म्हणतात. दोन दिवस मी दुसऱ्या कशाचा विचार करू शकलो नाही. आपल्याकडे साधा टीव्हीसुद्धा दिसत नाही आणि तिकडे रंगीत. आधी मी भडकलो. बायजाबाईला म्हटलं, देशाला पाणी नाही आणि यांना रंग सुचून राहिले. ती म्हणाली, "मंग तुमी काहून भडकता? तुमाले कोन देऊन राहिलं?" तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पण देवरावजी, एकदा रंगीत पाहिजेच. तुमचं मत लवकर कळवा, मी वाट पाहतो आहे.

आपला,
लहानूजी


इंदोरा, नागपूर
१ मार्च १९८२

ती. सिंधूताई,
सा. जयभीम.

तुला वर्ध्याला येऊन सांगावं असं होतं, पण ड्युटी सुटत नाही, म्हणून लिहितो. हे पाकीट फक्त तू वाच.

लतिकेच्या सासरकडून मागण्या सुरू झाल्या. उघड नाही. गुरुजी शिकलेला माणूस, उघड कसा मागेल? प्रत्येक पत्रात एक वस्तू काढतात आणि तिला शिव्या देतात. मला आधी कळलंच नाही. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क ओमप्रकाश यांनी तीन मुली उजवल्या आहेत. मी त्यांना पहिलं पत्र दाखवलं. ते म्हणाले, "देवराव, समझून घे गा. पोराकडचे मांगत नाई. नाव ठेवते. जितकं नाव ठेवलं तितकं पाहिजे." मी म्हटलं, देणंघेणं नाही असं स्वच्छ लिहिलंय. तर म्हणाले, "पहिल्या पत्रात सबच लिहिते. दुसऱ्यापासून लिस्ट चालू होते." आणि तसंच झालं गं. घड्याळाचं मी विचारलं तर मुलाला बिनकाट्यांचं आणि स्वतःला काट्यांचं, अशी दोन सांगितली. आता रंगीत टीव्ही. "पाहिजेच" असा शब्द आहे.

छप्पन साली आपण दोघं दीक्षेला गेलो होतो. परत येताना आम्ही दहाजणांनी रस्त्यात उभं राहून ठरवलं होतं, लग्नात घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही. मी भीमाबाईच्या घरून रुमालसुद्धा घेतला नाही. वस्तीत लग्न असलं की वंदना झाल्यावर मी उभा राहतो आणि हेच सांगतो. लोक म्हणतात, देवरावचं भाषण झाल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आणि त्याच देवरावच्या खाटेखाली आज मिक्सरचा खोका आहे, वर गोधडी टाकली आहे. भीमाबाईला सांगितलं, ऑफिसचं सामान आहे. लतिकेला यातलं काही माहीत नाही. तिला रविंद्र मनापासून आवडला आहे. मी नाही म्हटलं आणि लग्न मोडलं तर तिचं तोंड मी कसं पाहू? आणि हो म्हटलं तर आरशात माझं कसं पाहू?

तुझा,
देवराव


इंदोरा, नागपूर
२ मार्च १९८२

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जयभीम.

आपलं पत्र मिळालं. दोन दिवस विचार केला. बाकीच्या गोष्टींचं काही ना काही होईल. पण हात जोडून एक विनंती आहे. रंगीतचा आग्रह नसावा. काळ्यापांढऱ्यावर भागणार नाही का?

आपला नम्र,
देवराव


काटोल
११ मार्च १९८२

आदरणीय देवरावजी,
सप्रेम जयभीम.

शाबास. शेवटी तुम्ही मला विरोध केलात. दोन महिने मी याचीच वाट पाहत होतो. वाद करायला तोलाचा माणूस मिळाला, पत्र मी वाचनालयात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आता माझं उत्तर ऐका. नाही, काळ्यापांढऱ्यावर भागणार नाही. एकदा रंगीत निघाल्यावर काळापांढरा घेणारा माणूस पस्तावणार. संत्र्याच्या बागेचं चित्र काळ्यापांढऱ्यात दाखवलं तर संत्री आहेत की बटाटे, कोणाला समजेल? मी या मुद्द्यावरून एक पाऊलही मागे हटणार नाही. तुम्ही कितीही हात जोडा.

आणि टीव्हीच्या पाठोपाठ व्हिडिओ नावाचं यंत्र येतं आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहीन. ते मला पसंत नाही.

आपला,
लहानूजी


(पोस्टकार्ड)
वर्धा
२४ मार्च १९८२

देवराव, जयभीम. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू ओमप्रकाशला विचारलंस, मला विचारलंस. ज्या मुलीचं लग्न आहे तिला विचारलं नाहीस. खाटेखालचा मिक्सर आणि गुरुजींची सगळी पत्रं तिच्यासमोर ठेव. ती दवाखान्यात रोज लोकांना खरं काय ते सांगते, तिला खरं ऐकताही येईल. मी मुद्दाम कार्डावर लिहिते आहे. — सिंधू


इंदोरा, नागपूर
२७ मार्च १९८२

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

मी लतिका. मुलीने असं पत्र लिहायची पद्धत नाही हे मला माहीत आहे, पण पद्धतीने चालून आमच्या घरात काय झालं ते पाहिलं.

सिंधूआत्याचं कार्ड आलं तेव्हा बाबा ड्युटीवर होते. दुसऱ्याचं पाकीट आमच्याकडे कोणी उघडत नाही, पण कार्ड सगळेच वाचतात. मी खाटेखालून खोका काढला. तुमची पत्रं बाबांच्या ट्रंकेत होती, तीही वाचली. साक्षगंधाला देणंघेणं नाही म्हणालात. नंतर मिक्सर, फ्रिज, दोन घड्याळं आणि रंगीत टीव्ही. माझ्या बाबांनी हात जोडले तर तुम्ही लिहिलंत, कितीही हात जोडा. ही ओळ मी विसरणार नाही.

मी रामदासपेठेत एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. स्वतःचं पोट भरते. मला रविंद्र आवडले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण ज्या घरात जायला बाबांना खोके पाठवावे लागतील, त्या घरात मी येणार नाही. टीव्ही हवा असेल तर दुसरी मुलगी पाहा.

गेल्या रविवारी आमच्या वस्तीत लग्न होतं. वंदना झाली आणि सगळे बाबांकडे पाहू लागले. हुंड्याविरुद्ध बाबा बोलतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते बसून राहिले. खोकला आल्याचं सांगितलं. खोकला नव्हता. मी नर्स आहे, मला कळतं. घरी येऊन त्यांनी जेवण केलं नाही. मला रडू आलं ते तेव्हा, लग्न मोडायचं ठरवलं तेव्हा नाही.

रविंद्रना यातलं काही माहीत आहे का, मला ठाऊक नाही. नसेल तर तुम्हीच सांगा.

लतिका मेश्राम


काटोल
३१ मार्च १९८२

चि. लतिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचनालयात फोडलं. नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. चष्मा तिथेच राहिला, घरी कसा आलो ते आठवत नाही.

पोरी, मी काहीही मागितलेलं नाही. माझी शपथ कोणाला पटणार नाही म्हणून ती घेत नाही. मला पेपरातल्या बातम्यांवर मत द्यायचा नाद आहे. शाळेत होतो तेव्हा चाळीस पोरं बसून ऐकायची, त्यांना उठून जायची सोय नव्हती. आता कोणी बसत नाही. तुझ्या वडिलांनी पहिल्याच पत्राला उत्तर दिलं आणि मी वेड्यासारखा लिहीत सुटलो. त्यांनी लिहिलं, झाकण पक्कं पाहू. मला वाटलं, काय अभ्यासू माणूस आहे. त्यांनी हात जोडले तर मला वाटलं, वादात हरले म्हणून जोडताहेत.

मला तीन मुलगे. मुलीचा बाप मी कधी झालोच नाही. मुलाच्या बापाने पाठवलेला कागद मुलीचा बाप कसा वाचतो, हे मला साठाव्या वर्षी तू शिकवलंस. मी हेडमास्तर असून हा धडा मला येत नव्हता, याची मला फार शरम वाटते.

बायजाबाईने सगळी हकीकत ऐकली. मी दोन मिनिटं चूप बसलो होतो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं प्रथमच घडलं. मग ती म्हणाली, "वाचनालयात कधी छत्री इसरता, कधी चष्मा इसरता. आता तुमच्या तोंडापायी हाती आलेली सून बी गमावा. मले ते पोरगी पाहिजे, समजलं? टीवी तुमी डोये मिटून पाहा." तिचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत.

रविंद्रला यातलं काही माहीत नव्हतं, मीच सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "रविवारी मी नागपूरला जाऊन राहिलो." तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी चार वाजता उभा राहणार आहे. भेटायचं की नाही ते तू ठरव, आणि लग्नाचंही तूच ठरव. आम्ही कोणी शब्द टाकणार नाही. मात्र लग्न झालं किंवा नाही झालं, एकही खोका माझ्या दारात उतरता कामा नये. उतरला तर मी स्वतः डोक्यावर घेऊन नागपूरला येईन.

तुझ्या बाबांना वेगळं पत्र लिहायला बसलो होतो. चार कागद फाडले. त्यांची माफी मागायची आहे आणि ती कशी मागतात ते मला नीट येत नाही, सवय नाही. हेच पत्र त्यांना दाखव. व्हिडिओवर मी आता काही लिहिणार नाही. कुठल्याच यंत्रावर लिहिणार नाही.

तुझा,
लहानूजी गजभिये


इंदोरा, नागपूर
१२ एप्रिल १९८२

प्रिय लहानूजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र लतिकेने दिलं. वाचताना मला हसू येत होतं आणि डोळेही पुसत होतो, भीमाबाईला वाटलं मिरची उडाली.

रविंद्रराव चार तारखेला आले. लतिकेने त्यांना कँटीनमध्ये बसवून दीड तास प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी विचारलं, मी पास आहे की नापास. ती घरी आली आणि आईला म्हणाली, लग्नाचं पांढरं लुगडं कुठून आणायचं ते पाहा. ९ मे कायम आहे.

काल वस्तीत ढोक्यांच्या मुलीचं लग्न होतं. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. या वेळी दुसऱ्या कोणाचं उदाहरण दिलं नाही. माझंच सांगितलं. खाटेखालचा खोका, त्यावरची गोधडी, कमरेएवढा फ्रिज, सगळं. म्हटलं, माझ्या व्याह्यांनी एक काडीही मागितली नव्हती, तरी मी द्यायला निघालो होतो. हुंडा घेणाऱ्याच्या तोंडातून निघतो असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. तो देणाऱ्याच्या कानात आधीच बसलेला असतो, हे मला आता समजलं. लोक आधी हसले. मग मागच्या रांगेतून एक बाप उठून माझ्याजवळ आला. त्याने माझा हात धरला. ओमप्रकाशही आले होते. जाताना कानाशी म्हणाले, "इवाई चांगला आहे गा तुया. पन पुढलं पत्र आलं का मले एकडाव दाखवजो." त्यांना दाखवणार नाही.

आता कामाचं बोलतो. यंत्रावर लिहिणार नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मला मंजूर नाही. मुलीकडून एकच मागणी आहे असं समजा. लिहीत राहा. पण आता माझी खरी उत्तरं ऐकायची तयारी ठेवा.

मिक्सर दुकानदाराने परत घेतला नाही. भीमाबाई वापरते आहे. पंधरा दिवसांत तिचा उजवा खांदा दुखायचा थांबला. पाट्यावरच्या चटणीची चव तुम्ही मला सांगता, पण वाटायला तुम्ही कधी बसलात? बायजाबाईंना विचारून उत्तर द्या. फ्रिजबद्दल तुम्हाला काही माहीत नाही. मी रोज पार्सल ऑफिसात इंजेक्शनांच्या बर्फाच्या पेट्या पाहतो, लतिकेच्या हॉस्पिटलात फ्रिज नसता तर अर्धे रोगी गेले असते. आकड्यांच्या घड्याळाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ते मला आवडत नाही.

आणि रंगीत टीव्ही. तीन महिने मी मुलीचा बाप होतो, तुम्ही म्हणाल त्याला मान डोलवत होतो. आज बरोबरीने लिहितो. तुमचं साफ चुकतं. आधी साधा टीव्ही तरी दिसू द्या. मला काळापांढरा पुरेसा आहे, आणि संत्री की बटाटे ते मला न पाहता कळतं.

काय म्हणायचं असेल ते लिहा. मी हटणार नाही.

तुमचा,
देवराव